पवनपुत्राला वायू

आमच्या भूगावच्या सोसायटीत सेक्रेटरींनी फलकावर नोटीस लावली : 'पार्किंग क्रमांक 14 च्या सभासदांनी आपले वाहन आपल्या हद्दीतच गळेल याची दक्षता घ्यावी.' सभासद मी. वाहन 2001 सालची मारुती 800. तेलाचा डाग आधी माझ्याच जागेत होता, पण पावसाळा सुरू झाल्यावर त्याने सीमा ओलांडून 15 नंबरमध्ये अतिक्रमण केलं. तिथे उभी असलेली पांढरीशुभ्र एसयूव्ही सेक्रेटरींची, हे सांगायला नकोच.

ही गाडी मला सासऱ्यांकडून मिळाली. किल्ली हातात ठेवून "जावईबापू, जिवापाड सांभाळा हं" म्हणताना त्यांचा गळा दाटून आला होता. मुलगी दिली तेव्हा त्यांनी फक्त "जेवून जा" म्हटलं होतं. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओने तिची दोनदा नव्याने नोंदणी करून दिली आणि दोन्ही वेळा हरित कर घेतला. सरकारदरबारी ती अजून धडधाकट आहे. घरात मात्र तिच्या प्रकृतीविषयी मतभेद होते.

लक्षणं अशी. तेल मोजायची दांडी सकाळी खाली नीट दाबून बसवावी, चांदणी चौकातून कोथरूडला जाऊन भाजी घेऊन यावं, बॉनेट उघडावं, तर दांडी दोन बोटं वर येऊन उभी. एअर फिल्टर तेलात न्हालेला. टॅपेट कव्हरच्या कडेकडेने तेल पाझरतंय. सिग्नलला थांबलं की गाडीत असा काही वास सुटायचा, की बायको म्हणायची, "अहो, या गाडीत कुणी भजी तळली होती का?"

पहिला वैद्य अर्थातच मेव्हणा. तो जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत आहे, त्यामुळे प्रत्येक गाडीकडे तो मुलगी बघायला आल्यासारखा बघतो, आणि नकार द्यायचं घरूनच ठरवून येतो. त्याने गाडी सुरू करायला लावली, ऑइलचं झाकण काढलं, त्या भोकावर तळहात धरला, हात नाकाशी नेऊन डोळे मिटले. मग बायकोकडे न बघता, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला,

"दाजी, बॅक कॉम्प्रेशन."

"म्हणजे?"

"म्हणजे रिंगा गेल्या. बोअर गेला. कुणाला बोलू नका. पाऊस संपायच्या आत काढून टाका."

जुन्या गाड्यांच्या बाजारात 'बॅक कॉम्प्रेशन' हे दोन शब्द उच्चारले की गाडी घेणाऱ्याचा हात खिशाबाहेर येतो आणि विकणाऱ्याचा कपाळाला जातो. पण खरं सांगायचं तर यात एवढं घाबरण्यासारखं काही नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं, पिस्टन खाली ढकलला जातो, आणि त्या झटापटीत थोडा वायू रिंगांच्या फटींतून निसटून खाली, जिथे क्रँक फिरतो आणि तेल साठतं त्या चेंबरमध्ये उतरतो. शोरूममधून हार घालून आणलेल्या कोऱ्या गाडीतही तो उतरतो. इंजिन म्हातारं झालं की जरा जास्त उतरतो, इतकंच. या वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, धूर असतो. त्याला बाहेर पडायला वाट हवी. ती मिळाली नाही की तो स्वतःच शोधतो : दांडी वर ढकलतो, ऑइल सीलमधून तेल बाहेर काढतो, गॅस्केट ओली करतो आणि शेवटी 15 नंबरच्या पार्किंगमध्ये जातो.

आमचे एक काका लग्नाच्या पंगतीत मसालेभातावर मठ्ठा, मठ्ठ्यावर जिलबी आणि जिलबीवर पुन्हा मसालेभात असं जेवून उठले आणि छाती धरून बसले. सगळा मांडव गोळा झाला. हृदयविकारावर एकमत व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. कुणी वारा घातला, कुणी मुलाला अमेरिकेला फोन लावला, कुणी ओळखीच्या सर्जनचं नाव सांगितलं. दवाखान्यात ईसीजी निघाला, नॉर्मल आला, आणि काकांनी एक ढेकर दिली, ती ऐकून वॉर्डातली बाळं जागी झाली. काका बरे झाले. पण मांडवातल्या लोकांनी त्यांना ते कधी माफ केलं नाही. माझ्या मारुतीचं नेमकं हेच चाललं होतं. आता वायुपुत्राच्याच पोटात वायू धरला, तर तक्रार तरी कुणाकडे करायची?

पण हे शहाणपण मला पुष्कळ नंतर आलं. तेव्हा मी शहराच्या बाजूच्या एका मोठ्या, काचेच्या दाराच्या गॅरेजात गेलो. तिथे गाडीला कुणी हात लावला नाही. एका टाय लावलेल्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये गाडीचं साल टाकलं आणि खेदाने मान हलवली. इंजिन उतरवणे, बोअर करणे, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम, सील, गॅस्केट किट. बेरीज त्याने तोंडाने सांगितली नाही, कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला. तेवढ्या पैशांत तसली आणखी एक मारुती आली असती. तिलाही बॅक कॉम्प्रेशन असतं, हा भाग वेगळा.

मी घरी येऊन ही बातमी जाहीर केली आणि काय सांगू, माझी प्रतिष्ठा एकदम वाढली. ज्यांनी वर्षानुवर्षं लिफ्टमध्ये माझ्याकडे पाहिलं नव्हतं, ते खांद्यावर हात ठेवून विचारू लागले, "काय, इंजिन खोलावं लागणार म्हणे?" मीही आवाज खाली आणून म्हणायचो, "बघू. डॉक्टरांनी तर तसंच सांगितलंय." तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी माझ्यासाठी अंगारा पाठवला. तो नक्की कुठे लावायचा, बॉनेटला की मला, हे विचारायला मी धजावलो नाही.

अशा वेळी प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त इंजिनियर अवतरतो. आमच्याकडे ते दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि निवृत्त झाल्यापासून दुरुस्तीला आलेली एकही वस्तू त्यांनी त्या वस्तूच्या मालकाच्या हातात राहू दिलेली नाही. ते म्हणाले, "माणसाच्या तळहातावर विज्ञान चालत नाही. मोजमाप हवं." आणि स्वयंपाकघरातला भांडी घासायचा रबरी हातमोजा घेऊन खाली आले. मोजा ऑइलच्या भोकावर ताणून बसवायचा, दोऱ्याने बांधायचा, गाडी सुरू करायची. आत ओढला गेला तर वायूला वाट आहे. फुगला तर कोंडमारा आहे. सोपी, स्वस्त आणि शास्त्रशुद्ध चाचणी. याहून काटेकोर हवी असेल तर पाणी भरलेली यू आकाराची काचेची नळी लावून दाब पाण्याच्या इंचांत मोजतात, असंही त्यांनी सांगितलं. ती नळी आणायला ते निघालेही होते, पण काकूंनी जिन्यातच अडवलं.

मी किल्ली फिरवली. आधी मोजा लुळा पडून होता. मग त्याच्या अंगठ्यात जीव आला. मग करंगळीत. मग एकेक बोट ताठ होत गेलं आणि शेवटी बॉनेटखालून एक पिवळा, भरघोस, पाच बोटांचा हात वर आला आणि इंजिनाच्या तालावर सगळ्यांना आशीर्वाद देत डोलू लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी मात्र गंभीर झाले. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या गप्पा तेव्हा तालुकाभर चालू होत्या. ते म्हणाले, "हे चिन्ह सोसायटीच्या आवारात नको. उद्या दुसऱ्या बाजूचे येऊन घड्याळ लावतील." तेवढ्यात दोरा सुटला, हात उडाला आणि 15 नंबरच्या पांढऱ्या छतावर तेलाचा पंजा उमटवून खाली पडला. पुढची नोटीस इंग्रजीत आली.

इंजिनियर साहेब मात्र खुशीत होते. पांढऱ्या छतावरचा पंजा मी पुसत असताना त्यांनी मला सगळा इतिहास ऐकवला. पूर्वीच्या गाड्यांना इंजिनापासून खाली लोंबणारी एक नळी असायची. गाडी धावली की खालून वाहणारा वारा त्या नळीतून वायू ओढून घ्यायचा आणि तेलाचे थेंब रस्त्यावर पडायचे. लेनच्या मधोमध एक काळा पट्टा तयार व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे नदीत घालायचे म्हटल्यावर पंचाईत झाली. उघड्या नळीतून पाणी इंजिनात शिरणार. तेव्हा ती नळी बंद करून वायू परत इंजिनाच्याच तोंडी द्यायची युक्ती वापरात आली. पुढे लॉस एंजेलिसवर धुरकट धुकं साचायला लागलं, त्यात या वायूचाही मोठा वाटा आहे असं लक्षात आलं, आणि 1961 पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना ती युक्ती बसवायला सुरुवात झाली. एक पाइप, त्यात अंगठ्याएवढा व्हॉल्व. पीसीव्ही व्हॉल्व म्हणतात त्याला. गाडी आयडलिंगला असताना इंजिनाची ओढ जोरात असते, तेव्हा तो वाट अरुंद करतो. ॲक्सिलरेटर दाबला की वाट मोकळी करतो. वायू पुन्हा सिलिंडरमध्ये जातो आणि जळून जातो.

हे सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "म्हणजे आपल्या गाडीतही हा व्हॉल्व असेल?"

"असणारच."

"मग तो बघायचा का?"

"छे! मोजा केवढा फुगला पाहिलंत ना? रिंगाच गेल्यात."

ज्या माणसाला रणगाडा आणि कॅलिफोर्निया तोंडपाठ होता, त्याला समोरचा अंगठ्याएवढा व्हॉल्व बघावासा वाटला नाही. मलाही वाटला नाही. इंजिन खोलायचं ठरलेलं असताना पाइप काय बघायचे?

बायकोचं म्हणणं वेगळं. "गाडी जायचीच आहे ना? मग एकदा ताम्हिणीचा पाऊस दाखवून आणा तिला." तिला म्हणजे गाडीला की बायकोला, हे स्पष्ट नव्हतं, पण दोघींनाही नेणं भाग होतं. ताम्हिणीचा पाऊस म्हणजे पाऊस. 2024 च्या जुलैत तिथे एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून जास्त कोसळला होता. पिरंगुटचा घाट मारुतीने कण्हत चढला. पौड मागे पडलं. मुळशी धरणाचं पाणी उजवीकडे दिसायला लागलं आणि बॉनेटमधून धूर. पाझरलेलं तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडत होतं. मी गाडी बाजूला घेतली आणि बॉनेट उघडलं.

उघडलेलं बॉनेट ही महाराष्ट्रात खुली सभा असते. त्यातून मारुती 800! 1983 च्या डिसेंबरात पहिली गाडी रस्त्यावर आली आणि 2014 च्या जानेवारीत कारखान्यातून शेवटची बाहेर पडली. त्या तीस वर्षांत मराठी मध्यमवर्गाने ती विकत घेतली, शिकायला घेतली, भाड्याने घेतली, ढकलली किंवा निदान मेव्हण्याची म्हणून चालवली. तिच्याबद्दल मत नसलेला माणूस सापडणं अवघड.

पहिले थांबले दुधाचे पिकअपवाले. "सायेब, आमच्या जीपला पण असंच होतं. काय करायचं नाय. तेलाचा कॅन जवळ ठेवायचा, ती पीत जाती, आपण पाजत जायचं." मग मोटरसायकलवरून एक भिजलेलं जोडपं. त्यातल्या नवऱ्याने बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "हेड गॅस्केट." मग आयटीतली चार पोरं. हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, तेव्हा भूमिपुत्र म्हणून त्यांचाही हक्क होता. रेंज नव्हती, तरी एकाने मोबाइल वर धरून सांगितलं, "सर, एकदा बंद करून चालू केलीत का?" कणसं भाजणाऱ्या मावशींनी गाडीला दृष्ट लागल्याचं निदान केलं. ते मला सर्वांत सुसंगत वाटलं, आणि त्या एकट्याच असं निदान करून गप्प बसल्या.

पिकअपवाल्यांनी झाकणाची परीक्षा घेतली. ऑइलचं झाकण काढून भोकावर नुसतं उलटं ठेवायचं. चांगल्या इंजिनावर ते बसून राहतं. आमचं आधी थरथरलं, मग नाचलं, मग टुणकन उडालं आणि रस्त्याकडेच्या उतारावरून मुळशीच्या जलाशयाच्या दिशेने निघून गेलं. आयटीतल्या पोरांनी त्याचं चित्रीकरण केलं. पावसाचं पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून मावशींनी भोकावर प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावून दिलं. पुन्हा गाडी सुरू केली, तर पिशवी टम्म. सगळे एकमताने म्हणाले, "गेलं इंजिन." मग कणसं खाऊन सगळे आपापल्या वाटेने गेले.

समोर जलाशय भरून आला होता. याच धरणावरून सेनापती बापटांनी 1921 मध्ये सत्याग्रह पेटवला. गावं तरी पाण्याखाली गेली. टाटांनी ते पाणी घाटाखाली भिऱ्याला नेलं आणि मुंबईत दिवे लावले. कोंडलेल्या पाण्याला वाट दिली की उजेड पडतो, हे एवढं मोठं प्रात्यक्षिक माझ्या समोर पसरलं होतं आणि मी मेव्हण्याला फोन लावत होतो.

रखडत, धूर सोडत परत पौडला आलो. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये एक वयस्कर मिस्त्री स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं नाही. पिशवीकडे पाहून हसले आणि विचारलं, "कुठं कुठं फिरती गाडी?"

"भूगाव ते कोथरूड. भाजीला वगैरे."

"म्हंजे तापतच न्हाय."

"तापते की! धूर निघतो!"

"त्ये तुमी तापताय. इंजिन न्हाय."

चहाचा कप खाली ठेवून त्यांनी टॅपेट कव्हरवरून निघणारा एक पाइप ओढून काढला आणि त्यात फुंकर मारली. फुंकर पलीकडून निघाली नाही. काडी घातली तर पिवळट-पांढरी घट्ट मलई बाहेर आली. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं गरम होत नाही, वाफ उडून जात नाही, ती तेलात मिसळून अशी साय धरते, आणि पावसाळ्यात तर जास्तच. मग त्यांनी तो व्हॉल्व काढला, कानाशी धरून हलवला.

"ह्यो वाजाय पायजे. ऐका, वाजतोय का?"

तो वाजत नव्हता. आतलं बोंडुक चिकटून बसलं होतं. पोराला मोटरसायकलवरून नवीन व्हॉल्व आणायला धाडलं, तोवर पाइप पेट्रोलने धुतले. नवा व्हॉल्व हलवला तर टकटक वाजला. सगळं बसवलं, कुठल्याशा डब्यातून जुन्या मारुतीचं झाकणही काढून दिलं, पण ते लावण्याआधी म्हणाले, "कागद हाय का येखादा?" माझ्याकडे पीयूसीचं प्रमाणपत्र होतं. इंजिन चालू करून त्यांनी ते भोकावर ठेवलं. प्रमाणपत्र चप्पकन चिकटलं. प्रदूषण नियंत्रणासाठी त्या कागदाचा प्रत्यक्ष उपयोग झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"पण रिंगा?" मी विचारलं.

मिस्त्रींनी सुस्कारा सोडला, इंजिन बंद केलं, प्लग काढले आणि तिन्ही सिलिंडरला गेज लावून स्टार्टर मारायला लावला. एक आकडा बाकीच्या दोहोंहून किंचित कमी आला. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजला तर वाढला. तेलाने वाढला म्हणजे रिंगा थोड्या झिजल्यात, न वाढता तर व्हॉल्वकडे बोट दाखवता आलं असतं. पण तिघांत दहा टक्क्यांचाही फरक नव्हता. "वय झालंय तिचं. तुमचं बी झालंय. म्हून काय खोलायचं का?"

बिल चारशे रुपयांच्या आत आलं. चहा त्यांनीच पाजला.

आता गंमत बघा. एवढा आनंद व्हायला हवा होता, तर मी रस्ताभर गप्प. चारशे रुपयांत बरा होणारा आजार घेऊन सोसायटीत तोंड कसं दाखवायचं? "इंजिन खोलणार होतात ना?" असं लिफ्टमध्ये विचारलं तर काय सांगणार, पाइप चोंदला होता? मेव्हण्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "दाजी, तात्पुरतं असतं ते." इंजिनियर साहेबांनी पाण्याची नळी आणून पुन्हा मोजू या म्हणून आग्रह धरला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी श्रेय अंगाऱ्याला दिलं. फक्त बायको खूश होती. भजीचा वास गेला, म्हणाली, आणि लगेच कांदा-भजी तळायला घेतली.

आता दर पंधरवड्याला मी गाडी ताम्हिणीपर्यंत नेऊन तापवून आणतो. दांडी जागेवर असते. 15 नंबरवरचा डाग वाढलेला नाही. पुसलाही गेलेला नाही, पण तो वेगळा खटला आहे.

तेव्हा जुनी गाडी बघायला निघालात तर खिशात एक कागदाचा तुकडा ठेवा. इंजिन गरम होऊ द्या, आयडलिंगला ठेवा, ऑइलचं झाकण काढून भोकावर कागद ठेवा. चिकटला तर भावाचं बोला. उडाला तर आधी पाइप आणि व्हॉल्व काढून बघा, मग गेज लावा, आणि त्यानंतरच रिंगांचं नाव काढा. एवढं सगळं करताना मेव्हण्याला मात्र बरोबर नेऊ नका.